आज चुकायचा नंबर कुणाचा

कडेगाव,
२ डिसेंबर २०२४

ती. दिगूदादा,

तुझा लष्करी डाकेचा, एपीओचा पत्ता लिहिलेलं पाकीट घेऊन पोस्टात गेले, तर खिडकीतल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "व्हॉट्सॅप न्हाई का वो त्यांच्याकडं?" मी सांगितलं, आमचा भाऊ असल्या डोंगरावर आहे की तिथवर रेंज चढत नाही. फोन मिळतो तो दोन मिनिटं, आणि ती दोन मिनिटं वहिनीची. चुलत बहिणीच्या वाट्याला पोस्टच.

तर दादा, तुझी अंकी आता बाई झाली! डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आंतरवासिता असते, म्हणजे मार्चपर्यंत खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवायचं. मला मिळालेली शाळा कडेगावच्या पुढं, उसातून वाट काढत गेलं की लागणाऱ्या एका वस्तीवर आहे. दोन खोल्या. एकीत पहिली-दुसरी, एकीत तिसरी-चौथी. मोठ्या खोलीचे शिक्षक म्हणजे दादासो गुरुजी, तेच मुख्याध्यापक. मे महिन्यात रिटायर व्हायचे आहेत. बोलतात कमी, आणि बोलले तरी फळ्याकडं बघून.

आप्पांची अट तुझ्या लक्षात आहे ना? तूच त्यांच्याशी भांडून मला इथं घातलंस. आंतरवासितेचा शेरा चांगला आला तर पुढच्या परीक्षा द्यायच्या, शिक्षिका व्हायचं. नाही आला तर मे महिन्यात कराडच्या पाहुण्यांना होकार. तो मुलगा चांगला आहे असं सगळे म्हणतात, असेलही. पण मला शिक्षिका व्हायचंय दादा, आणि तेही आत्ताच, मधे कुणाचा संसार न येता.

आणि ऐक, माझा पहिला पाठ असा काही झाला की काय सांगू! अपूर्णांक. जुन्या मोज्याचा एक बाहुला आहे, तात्याबा. त्याला भाकरीचे चार सारखे भाग करता येत नाहीत, दर वेळी चुकतो आणि मुलांनी त्याला सुधारायचं. हा पाठ आणि बाहुल्यांची पिशवी मला प्रांजलताईनं दिली, मागच्या वर्षी पास होऊन गेलेली. आमच्या होस्टेलला असंच चालतं, ताई गेल्या की पाठ आणि पिशवी मागच्या मुलींना. तात्याबाची मिशी झडली होती, ती मी कापसाची नवी लावली.

खोलीभर हशा पिकला. प्रश्न विचारला की उत्तर हजर. हौसा नावाची चौथीतली एक धनगराची पोर तर मी पिशवीत हात घातला तेव्हापासूनच हसत होती. गुरुजी व्हरांड्यात उभे होते, आत डोकावलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी खोलीवर येऊन मी आरशासमोर स्वतःला नमस्कार केला. जन्मजात शिक्षिका म्हणतात ती हीच बरं का.

तुझी,
अंकिता बाई

*

१४ डिसेंबर २०२४
(जागा सांगायला बंदी)

चि. अंकीस, म्हणजे अंकिता बाईंस, सॅल्यूट.

तुझं पत्र रेशनच्या गड्यांबरोबर वर आलं. इथं पत्र एकट्यानं वाचायची पद्धत नाही, त्यामुळं तुझा तात्याबा आता आमच्या बंकरमध्ये सगळ्यांना माहीत झालाय. एका हरियाणवी जवानानं विचारलंय, भाकरीला मोज्याचा वास नाही का लागत.

अभिनंदन. आता रागावू नकोस, एक विचारतो. कोरेगावच्या शाळेत मी दहा वर्षं काढली. अपूर्णांक आले की आमच्या वर्गात एखाद्याला पोटदुखी, एखाद्याला पाण्याला जायचं असायचं. उत्तर देणारं पोर शोधावं लागायचं. आणि तुझ्या पहिल्याच पाठाला सगळी खोली हजरजबाबी? पिशवीतून बाहुला बाहेर यायच्या आधी ती हौसा कशाला हसली?

मी काही तज्ज्ञ नाही. पण इथं आम्हांला एक गोष्ट घोटून शिकवलीय, वाट फारच मोकळी दिसली की पाऊल टाकायच्या आधी थांबायचं. मोकळी वाट कुणीतरी मोकळी केलेली असते. गुरुजी व्हरांड्यात काय करत होते?

डोळे उघडे ठेव. आप्पांची काळजी तू करू नकोस, त्यांना मी बघतो.

दिगू

*

कडेगाव,
२७ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र वाचून मी ते आधी कोपऱ्यात फेकलं. माणसाला जरा बरं वाटू लागलं की तुझ्या पोटात दुखतं, असं मोठ्यानं म्हणाले. मग उचलून पुन्हा वाचलं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे.

मी लक्ष ठेवू लागले. काय काय दिसलं ते सांगते.

मी खोलीत पाऊल टाकलं की चौथीची मुलं एकदम गप्प होतात. कुजबूज चाललेली असते, आणि मला पाहून थांबते. परवा मी प्रांजलताईकडचाच "पाण्याचा प्रवास" घेतला. त्यात एक प्रश्न विचारायचा मी विसरले, थेट पुढचा विचारला. हौसानं विसरलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं! मग जीभ चावली आणि शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं तिला कोपर मारलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणखी एक. दर पाठाला एकच मूल चुकतं. दोन नाही, एकच. आणि प्रत्येक वेळी वेगळं. सोमवारी जो चुकला तो मंगळवारी हुशार. वर्गातलं चुकणं असं शिस्तीत असतं का कुठं?

आता गुरुजींचं. आमचा नियम असा की उद्या काय शिकवायचं त्याचं टाचण आज त्यांच्याकडं द्यायचं, ते सही करतात. म्हणजे माझा पाठ त्यांना आदल्या दिवशी कळतो. शाळा सुटल्यावर ते चौथीच्या मुलांना थांबवून घेतात. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "सव्वीस जानेवारीची लेझीम हाय." एके दिवशी मी मुद्दाम रेंगाळले. लेझीम भिंतीला टांगलेल्या, मुलं लिंबाखाली गोल बसलेली, आणि गुरुजी मधे. मला पाहून उठले. म्हणाले, "जावा आता बाई, अंधार पडंल, उसातली वाट हाय."

माझी काळजी की मला घालवायची घाई?

दादा, मला वाटतं ते माझा पाठ मुलांना आदल्या दिवशी शिकवून ठेवतात. कशाला, ते कळत नाही. कॉलेजच्या मॅडम बघायला आल्या की शाळा झकास दिसावी म्हणून? की नव्या पोरीची गंमत म्हणून? ते व्हरांड्यात उभे राहून हसत असतील का माझ्यावर? कारण तसं असेल तर मी काही शिकवतच नाही. मी फक्त बाहुला नाचवते. आणि मग आप्पांचंच बरोबर.

हे मी कुणाशीच बोललेले नाही. तूच सांग काय करू.

अंकिता

*

८ जानेवारी २०२५

अंकी,

संशय पक्का नसेल तर तो माणसाला कुरतडतो, हे मला इथं रोज दिसतं. म्हणून तो पक्का करायचा किंवा टाकून द्यायचा.

उपाय सोपा आहे. टाचण एका पाठाचं दे आणि शिकव दुसराच. गुरुजींना कल्पना नको, मुलांना नको. वर्ग तसाच हजरजबाबी राहिला तर तू जन्मजात शिक्षिका, मी कान धरून माफी मागतो. वर्ग गप्प झाला तर कुणीतरी तुझ्या पुढं चालतंय.

फक्त मॅडम बघायला येणार असतील तो दिवस सोडून कर. शेरा त्या लिहिणार, उगाच त्यांच्यासमोर प्रयोग नको.

इथं बर्फ पडतोय. पुढची डाक कधी खाली जाईल सांगता येत नाही.

दिगू

*

कडेगाव,
२२ जानेवारी २०२५

दादा,

तुझा अंदाज खरा ठरला. वर्ग गप्प झाला.

पण तू सांगितलंस तसं मी केलं नाही. केलं ते कॉलेजच्या माने मॅडम बघायला आल्या त्या दिवशीच. मला वाटलं, साक्षीदार असेल तर कुणाला नाकारता येणार नाही. टाचण दिलं होतं "भाकरीचे भाग, उजळणी" याचं. मॅडम मागच्या बाकावर बसल्या, गुरुजी नेहमीसारखे व्हरांड्यात. मी पिशवीला हात लावला नाही. पुस्तक उघडलं आणि वजन शिकवायला घेतलं. किलो, ग्रॅम.

एकही उत्तर नाही. मुलं माझ्याकडं अशी बघत होती की मी त्यांच्या ओळखीचीच नाही. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, फिरवून विचारला. हौसानं मान खाली घातली. मॅडमनी पेन उचललं. तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं, "मॅडम, या मुलांकडून माझे पाठ आदल्या दिवशी पाठ करून घेतलेले असतात. गुरुजी करून घेतात. आज मी वेगळा पाठ घेतला म्हणून बघा काय झालं."

मॅडमनी गुरुजींना आत बोलावलं. विचारलं, "खरं आहे?" एक मुलगा बोलायला उठत होता, त्याला गुरुजींनी हातानं खाली बसवलं. म्हणाले, "मॅडम, तुमाला योग्य वाटंल तसं करा." नाकारलं नाही, दादा. जो माणूस निर्दोष आहे तो नाकारतो ना?

मॅडम केंद्रप्रमुखांना कळवणार आहेत. पुढच्या वर्षीपासून ही शाळा आंतरवासितेला नको, असंही म्हणाल्या. मला म्हणाल्या, "धाडस केलंत." म्हणजे शेरा चांगलाच येणार. आप्पांना तसं कळवायला हरकत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. गुरुजींनी आज सकाळी माझ्या टाचणावर रोजच्यासारखी सही केली आणि विचारलं, "खोलीवर डबा नीट येतोय नव्हं?" मी वही उचलून वर्गात गेले. हा माणूस लबाड असेल तर फारच मुरलेला आहे.

अंकिता

*

१९ जानेवारी २०२५

अंकी,

मागचं पत्र खाली गेलं आणि मला चैन पडेना. घाई करू नकोस. सापळा लावला नसशील तर लावू नकोस, लावला असशील तर त्याचं काहीही निघो, कुणावर आळ घेऊ नकोस. हे पत्र तुला वेळेत मिळू दे.

कारण सांगतो. तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना, दर पाठाला एकच चुकतं आणि दर वेळी वेगळं. काल पहाऱ्याच्या ड्यूट्या वाटून देत होतो. आज तू, उद्या तू, परवा तू. आणि हातातला कागद तसाच राहिला. अगं, गुरुजींनी पाठ करून घेतलेली पोरं असती तर सगळी बरोबर सांगायला धडपडली असती. गुरुजींसमोर मुद्दाम चुकायला कोण तयार होईल? ही वाटणी आहे. पोरांनी आपापसांत केलेली. कुणी हुकूम सोडला की सगळे सारखे वागतात, आपण होऊन काही ठरवलं की पाळ्या लागतात.

का केली असेल, ते मला इथून दिसत नाही. पण गुरुजींवर बोट ठेवायच्या आधी पोरांना विचार. मीच तुझ्या डोक्यात हे भरवलं. मोकळी वाट, मोकळी वाट करत बसलो. आमच्या वाटा वेगळ्या गं, आमच्या वाटेवर चौथीतली पोरं नसतात.

दिगू

*

कडेगाव,
७ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं एकोणीस तारखेचं पत्र काल मिळालं. वेळेत मिळालं नाही.

शाळा सुटल्यावर मी हौसाला थांबवलं. गुरुजी लेझीमचं सामान आवरत होते, मुलं लिंबाखाली दप्तरं भरत होती. मी तिला विचारलं, "हौसा, मी शिकवायच्या आधी तुम्हांला सगळं कसं यायचं गं? गुरुजी सांगायचे?"

ती म्हणाली, "न्हाई बाई. गुर्जी कशाला सांगत्याल? लिंबाखाली तर त्ये लेझमीचे बोल म्हणून घ्येत हुते. आमाला म्हाईतच हाय की. गेल्या वर्साच्या बाईंनी शिकवलं हुतं. त्याच्या आदीच्या बाईंनी बी." आणि म्हणाली, "गेल्या वर्सी तात्याबाची मिशी काळी हुती. ही पांढरी लय झ्याक दिसती."

ती पांढरी मिशी मीच लावलेली, दादा.

आमच्या होस्टेलचे पाठ. तेच विनोद, तेच प्रश्न, तोच मोजा. गेल्या वर्षी या शाळेत कोण आली होती, ते विचारावं असं मला सुचलंसुद्धा नाही. प्रांजलताई नव्हती, पण तिचीच पिशवी उसनी आणून तोच पाठ घेणारी दुसरी कुणी होती, त्याच्या आधी तिसरी. आणि तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. म्हणजे चौथीच्या मुलांनी तात्याबाला तिसरीत असतानाच बघितलेलं, आणि त्याच्या आधीही दुसरीच्या खोलीतून खिडकीला लोंबकळून. मी त्यांना काही शिकवलं नाही, आणि गुरुजींनीही आधी काही शिकवलं नाही. माझ्याच बहिणी शिकवून गेल्या होत्या.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही मला?

त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "आवं बाई, आदीच्या एक बाई हुत्या ना, त्यांना आमच्या वर्गातल्या नाथाजीनं म्हाईत हाय म्हणून सांगितलं, तर त्या रडल्या. भायेर जाऊन लय रडल्या. मग आमी ठरवलं, नवी बाई आली की म्हाईत न्हाई असं दावायचं. तात्याबा आला की हसायचं. आन् सगळ्यांनीच बरोबर सांगितलं तर बाईला वळकू येईल, म्हणून एकानं चुकायचं. शाळा भरायच्या आदी आमी ठरवतो, आज चुकायचा नंबर कुणाचा."

ती कुजबूज हीच होती, दादा. मी आत आले की थांबणारी.

मग वजनाच्या दिवशी काय झालं, म्हटलं. तर म्हणाली, "त्ये आमाला खरंच येत न्हवतं बाई." आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू चूक तिची होती.

मी गुरुजींकडं गेले. आतापर्यंत तुझ्यापासून एक लपवलं होतं, ते आधी सांगते. त्या दिवशी मी धाडस वगैरे केलेलं नव्हतं. वर्ग गप्प झाला, मॅडमनी पेन उचललं, आणि मला आप्पांचा चेहरा दिसला. मी घाबरले. घाबरून हाताला लागला त्या माणसावर ढकललं.

गुरुजींना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ते लेझीम मोजत होते, मोजतच राहिले. म्हणाले, "काय बोलायचं हुतं? पोरीचे पाठ उसने हायत म्हणून? तुमचं वरीस गेलं असतं. माझं काय, मे पातूर तर हाय मी." मी म्हटलं, तुम्हांला हे पहिल्यापासून माहीत होतं? "दर साली येतोय की तुमचा तात्याबा. आवं, पोरांनी आपसूक काय शहाणपण केलं तर मास्तरनं मधी पडू नये. तुमाला सांगायचं मनात हुतं. पर तुमचं तोंड बघून धीर झाला न्हाई. लय खूश हुता तुमी."

व्हरांड्यात ते माझ्यावर हसत नव्हते. त्यांना आत बघवत नव्हतं.

आता मॅडमना सगळं सांगितलं तर गुरुजींचं नाव धुऊन निघेल आणि माझं वर्ष जाईल. वर्ष गेलं की मे महिना, आणि कराड. नाही सांगितलं तर मला चांगला शेरा मिळेल आणि मी शिक्षिका होईन. तो माणूस तिकडं तोंडातून अवाक्षर काढणार नाही, याची मला खात्री आहे. म्हणजे कुणालाच कळणार नाही. मुलांना सोडून.

तुझ्या उत्तराची वाट बघत थांबले तर दोन आठवडे मला स्वतःला चांगली म्हणवून घेता येईल. म्हणून थांबत नाही. उद्या सकाळच्या एसटीनं कॉलेजला जाते.

अंकिता

*

२१ फेब्रुवारी २०२५

अंकी,

तू थांबली नाहीस ते बरं झालं. थांबली असतीस तर मी काय लिहिलं असतं, याची मला खात्री नाही. कदाचित लिहिलं असतं की गुरुजी तसेही रिटायरच होतायत. तसं मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू.

तुझं पत्र इथं मोठ्यानं वाचलं नाही. पहिल्यांदाच एकट्यानं वाचलं.

आप्पांना मी पत्र लिहू का? फोनची पाळी आली की तुझ्या वहिनीला म्हणेन, दोन मिनिटांतलं एक मला दे. फक्त काय सांगायचं तेवढं कळव.

दिगू

*

कडेगाव,
१२ मार्च २०२५

दादा,

आप्पांना काही सांगू नकोस. मी सांगितलं.

पण क्रमानं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील, तर त्यांनी केंद्रप्रमुखांना फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं की तक्रार चुकीची होती, चूक आमच्या विद्यार्थिनीची आहे. मग मला म्हणाल्या, आंतरवासिता रद्द, पुढच्या वर्षी नव्यानं करायची. होस्टेलच्या सगळ्या पिशव्या त्यांनी मागवून घेतल्या. मुली माझ्याशी बोलत नाहीत. प्रांजलताईचा मेसेज आला, "एवढं शहाणं व्हायची गरज होती का?" मी उत्तर लिहिलं आणि पुसलं. तिला जे मिळालं होतं तेच तिनं मला दिलं, तिच्यावर राग धरायला मी कोण.

मॅडम एक म्हणाल्या, तो पाठ मीही चार-पाच वर्षं बघतेय, दर वेळी चांगला शेरा देतेय. एवढंच. मला त्यांचा राग आला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की संशय घ्यायचाच होता तर या बाजूला, आमच्याच कॉलेजवर घ्यायला हवा होता.

मग आप्पांना फोन केला. सांगितलं की नापास झाले, एका भल्या माणसावर आळ घेतला, वर्ष गेलं. मग म्हणाले, "म्हंजी शिकवायला येतंय का न्हाई तुला?"

मी म्हटलं, "नाही आप्पा. अजून नाही येत."

"मग शीक की. अर्धं शिकून घरला कशाला येतीस? पाव्हण्यांस्नी मी सांगतो काय सांगायचं ते."

फोन ठेवला आणि मी कडेगावच्या भर स्टँडवर रडले. एका म्हातारीनं माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि विचारलं, गाडी चुकली का. मी हो म्हटलं.

आता मला शाळेत जायचं काही कारण नव्हतं. हजेरी नाही, शेरा नाही, टाचण नाही. तरी आज गेले. गुरुजींची आणि मुलांची माफी मागायची होती. मुलांसमोर उभं राहून सांगितलं की बाई चुकली, गुरुजींबद्दल खोटं बोलली. नाथाजीनं विचारलं, "बाई, मंग आता आमी हसायचं का न्हाई?" गुरुजी मागं उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटतं हसले.

मग ते म्हणाले, "आलाच हायसा तर घ्या तास. वजन ऱ्हायलंय त्येंचं." आणि या वेळी व्हरांड्यात गेले नाहीत. मागच्या बाकावर बसले, पाय दुमडून.

माझ्याकडं पिशवी नव्हती. गुरुजींच्या घरून तागडी आणली, मुलांनी चिंचा, खडे, दप्तरातली पुस्तकं आणली. दादा, काय सांगू, नुसता गोंधळ! दोघांची तागडीवरून मारामारी झाली. तिसरीचा एक पोरगा चिंचाच खाऊन बसला, वजन करायला काही उरलं नाही. मी ग्रॅमचे किलो करताना फळ्यावर स्वतःच घोळ घातला, पुसला, पुन्हा मांडला. घसा बसला. कुणी हसलं नाही, कुणी बरोबर उत्तर दिलं नाही. इतका वाईट तास मी कुणाचाच पाहिलेला नाही.

शेवटी मी विचारलं, "कळलं का?" सगळे म्हणाले, "व्हय बाई." सवयीनं.

हौसा गप्प होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं आधी मागं गुरुजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि म्हणाली, "न्हाई बाई. मला न्हाई कळलं."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. तरी तिला कळलं नाही. शाळा सुटली, बाकीची पोरं गेली, तिचा बाप मेंढरं घेऊन रस्त्यावर हाका मारत उभा राहिला, म्हणून उठलो. उद्या पुन्हा जाणार आहे.

अंकिता